डावखुरा प्रतिस्पर्धी : शब्द, पवित्रा आणि बाळू पालवणकर

मराठीतील ‘डावखुरा’ या शब्दात ‘खूर’ ऐकू येतो. खूर हा जनावराचा अवयव. तो माणसाच्या हाताला चिकटला, यात बोलणाऱ्याच्या मनातील किंचित अवहेलना उघड आहे. इंग्रजी भाषेतही डाव्या हाताच्या मुष्टियोद्ध्याला ‘साउथपॉ’ म्हणतात. त्यातील ‘पॉ’ म्हणजे जनावराचा पंजा. परस्परांशी काहीही देवाणघेवाण न करता दोन भाषांनी डाव्या हाताला पशूच्या पायाची उपमा द्यावी, ही गोष्ट भाषाभ्यासकाला नोंद घेण्यासारखी वाटते. त्याहून मौजेची बाब त्या शब्दातील ‘साउथ’ची, म्हणजे दक्षिण दिशेची आहे. आपल्याकडे पूर्वेस तोंड करून उभे राहण्याचा प्रघात. म्हणून दक्षिण दिशा उजव्या हाताला येते व संस्कृतात ‘दक्षिण’ या एकाच शब्दाने दिशा आणि उजवा हात या दोहोंचा बोध होतो. अमेरिकेतील बेसबॉलच्या मैदानात चेंडू फेकणारा पश्चिमेस तोंड करून उभा राहतो, म्हणून दक्षिण त्याच्या डाव्या हाताला येते, अशी ‘साउथपॉ’ची उपपत्ती सर्वत्र सांगितली जाते. ती सुबक आहे. परंतु हा शब्द डाव्या हाताच्या अर्थाने त्या खेळाच्या भरभराटीपूर्वीच वापरात होता, तेव्हा ती मागाहून रचलेली दिसते. लोकव्युत्पत्तीचा हा नेहमीचाच खाक्या होय.

‘उजवा’ हा शब्द ‘ऋजु’ म्हणजे सरळ या शब्दाच्या कुळातला. ‘डावा’ मात्र संस्कृतातून आलेला नाही. प्राकृतातील ‘डव्व’ हे त्याचे जुने रूप असून ते देशी शब्दांत मोडते. सरळ तो उजवा. मग डाव्याकडे वाकडेपणा आपोआपच आला. संस्कृतातील ‘वाम’ शब्दाला सुंदर आणि प्रतिकूल असे दोन्ही अर्थ आहेत, पण व्यवहारात दुसराच बळावला. फ्रेंचमधील ‘गोश’ म्हणजे डावा आणि अडाणी. लॅटिनमधील ‘सिनिस्टर’ म्हणजे डावा आणि अशुभ. मराठीत श्रेष्ठ ठरतो तो ‘उजवा’, भेदभाव करणे ते ‘डावे-उजवे करणे’, आणि ज्याची मुद्दाम उपेक्षा करावयाची त्याला ‘डावलणे’, म्हणजे शब्दशः डाव्या अंगाला टाकून पुढे जाणे. या शेवटच्या क्रियापदाचा प्रस्तुत विषयाशी वाटतो त्याहून अधिक निकटचा संबंध आहे.

भाषेने हलके ठरवलेला हा हात द्वंद्वाच्या खेळात मात्र भल्याभल्यांना जड गेलेला आहे. याचे कारण समजण्यासाठी प्रथम मुष्टियुद्धाचा पवित्रा पाहिला पाहिजे. सामान्य मुष्टियोद्धा डावा पाय व डावा हात पुढे ठेवून उभा राहतो. पुढचा हात अंतर जोखण्यासाठी आणि प्रतिस्पर्ध्याला दूर राखण्यासाठी. मागचा उजवा हात निर्णायक ठोशासाठी. समोरचाही तसाच उभा असेल, तर त्याचा घातक उजवा हात आपल्या डावीकडे येतो, आणि म्हणून शिकाऊ योद्ध्याला आपल्या उजवीकडे सरकण्याची सवय लावली जाते. ही सवय हजारो वेळा घोटल्यावर विचाराच्या कक्षेबाहेर जाते. आता समोर डावखुरा उभा राहिला की सारे चित्र आरशात पाहिल्याप्रमाणे उलटते. दोघांचे पुढचे पाय एकाच रेषेत येऊन एकमेकांना अडतात. पुढचे हात एकमेकांत गुंततात. आणि मागच्या हातांना मात्र सरळ, मोकळी वाट मिळते. या वेळी सुरक्षितता डावीकडे सरकण्यात असते, पण घोटलेली सवय योद्ध्याला उजवीकडे, म्हणजे नेमकी प्रतिस्पर्ध्याच्या घातक डाव्या हाताकडे नेते. अडचण दोघांना सारखीच आहे, असे वरवर वाटेल. तसे नाही. डावखुऱ्याचे जवळजवळ सारेच प्रतिस्पर्धी उजवे असतात. त्याच्या दृष्टीने ही उलटी मांडणी रोजचीच. उजव्याला ती क्वचित भेटते.

सर्वांत वरच्या वजनगटाचा, म्हणजे हेवीवेटचा, इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. मुहंमद अली हा त्या गटातील अग्रगण्य योद्धा. १० सप्टेंबर १९६६ रोजी फ्रँकफुर्ट येथे कार्ल मिल्डेनबर्गर या जर्मन डावखुऱ्याशी त्याची गाठ पडली. हेवीवेटच्या विश्वविजेतेपदासाठी लढणारा हा पहिलाच डावखुरा मानला जातो. अलीच्या प्रसिद्ध डाव्या ठोशाला येथे नेहमीची मोकळीक मिळाली नाही. लढत अपेक्षेपेक्षा लांबली आणि बाराव्या फेरीत पंचांनी ती थांबवली तेव्हा कोठे निकाल लागला. पहिला डावखुरा विश्वविजेता मिळण्यास त्यानंतरही २८ वर्षे लागली. २२ एप्रिल १९९४ रोजी मायकेल मूररने इव्हँडर होलिफील्डला गुणांवर हरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पंचेचाळीस वर्षांच्या जॉर्ज फोरमनने दहाव्या फेरीत त्याला पाडले, आणि तेही उजव्या हाताच्या सरळ ठोशाने. मागच्या हाताची मोकळी वाट दोघांनाही खुली असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

व्लादिमिर क्लिच्कोची कारकीर्द अधिक विचार करावयास लावते. २००० साली त्याने ख्रिस बर्ड या चपळ डावखुऱ्याला हरवले होते. ८ मार्च २००३ रोजी हानोव्हर येथे कॉरी सँडर्स या दुसऱ्या डावखुऱ्याने त्याला दुसऱ्याच फेरीत गारद केले. बर्डचा हात हलका, सँडर्सचा जड. म्हणजे नुसता डावेपणा पुरेसा नाही, त्यामागे वजन हवे. पुढे २००६ ते २००९ या काळात क्लिच्कोने बर्डला पुन्हा, आणि इब्रागिमोव्ह, टॉम्प्सन व चागायेव्ह या तीन डावखुऱ्यांना एकापाठोपाठ एक नमवले. ज्याला डावखुरे वारंवार भेटले, त्याच्या बाबतीत त्यांचे कोडे कोडे राहिले नाही. अलीकडे ओलेक्सांद्र उसिक या युक्रेनी डावखुऱ्याने २०२१ व २०२२ साली अँथनी जोशुआला आणि २०२४ साली दोनदा टायसन फ्युरीला हरवून हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आहे. पण उसिकचे पदलालित्य असे की तो उजवा असता तरी त्या दोघांना सोपा गेला असता असे वाटत नाही.

शास्त्रज्ञांनीही या विषयाला हात घातला आहे. मनुष्यजातीत डावखुऱ्यांचे प्रमाण सुमारे दहा टक्के भरते. मिशेल रेमाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली असे दाखवले, की जेथे प्रतिस्पर्धी समोरासमोर येतो अशा खेळांत हे प्रमाण बरेच वाढते, आणि पोहण्यासारख्या ज्या खेळांत प्रत्येक जण आपापल्या परीने झुंजतो तेथे ते वाढत नाही. यावरून डावा हात मुळात अधिक कुशल असतो ही समजूत बाद होते. तसे असते तर वाढ सर्वत्र दिसली असती. लाभ हाताचा नाही, विरळतेचा आहे. जर्मन संशोधक हागेमान यांनी २००९ साली टेनिसवर केलेल्या प्रयोगांत, डावखुऱ्याचा फटका कोठे जाईल याचा अंदाज प्रेक्षकांना कमी अचूक बांधता येतो असे आढळले. लॉफिंग यांनी २०१७ साली त्यात भर घातली : प्रतिसादाला वेळ जितका थोडा, तितके वरच्या श्रेणीत डावखुरे अधिक. पेण-रोहे पट्ट्यात, रामवाडीसारख्या गावी कबड्डी पाहणाऱ्याला हे निराळ्या शब्दांत ठाऊक असते. चढाई करणारा गडी कोणत्या अंगाने आत शिरतो आणि कोणता पाय पुढे टाकतो, यावर कोपऱ्यातल्या गड्याची पकड बेतलेली असते. उलट्या पायाचा गडी आला की ती पकड क्षणभर उशिरा पडते, आणि तेवढा क्षण पुरतो.

महाराष्ट्रात या प्रकारचे सर्वांत मोठे उदाहरण मुष्टियुद्धात नव्हे, क्रिकेटमध्ये सापडते. बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चांभार कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव कोकणातील पालवण. वडील पलटणीत नोकरीला. पुण्यात प्रथम पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात मैदान झाडण्याचे व रूळ फिरवण्याचे काम बाळूंनी केले. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर लागले. तेथे साहेब लोकांना सराव मिळावा म्हणून जाळ्यात त्यांना चेंडू टाकावयास सांगू लागले. चेंडू टाकणे हे तेव्हा कष्टाचे आणि म्हणून नोकराचे काम. बॅट हाती धरणे हा धन्याचा अधिकार. बाळूंना पूना क्लबात फलंदाजीची संधी कोणी दिली नाही.

बाळू डाव्या हाताने संथ फिरकी टाकत. अशा गोलंदाजाचा चेंडू उजव्या फलंदाजाला अनोळखी कोनातून येतो आणि टप्पा पडल्यावर अंगापासून बाहेर, स्लिपच्या दिशेने वळतो. उजव्या हाताचा मनगटी फिरकी गोलंदाजही चेंडू बाहेर वळवतो, परंतु मनगटाच्या झटक्यात अचूकता साधणे कठीण. डावखुऱ्याला तेच काम बोटांनी, दिवसभर एका जागी टप्पा ठेवून करता येते. मधूनच एखादा चेंडू न वळता सरळ आत आला, की बाहेरच्या वळणासाठी सरसावलेली बॅट फसते. सवयीचा आणि फसवणुकीचा हाच संबंध मुष्टियुद्धाच्या पवित्र्यात आपण पाहिला.

जे. जी. ग्रेग हा त्या काळी मुंबई इलाख्यातील युरोपियनांचा अव्वल फलंदाज. बाळूंनी त्याला बाद केले की दर खेपेस तो आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी धरली किंवा न धरली, तरी ग्रेगने या डावखुऱ्यासमोर तासन्‌तास सराव केला, यात शंका नाही. वर सांगितलेल्या सिद्धांताप्रमाणे हा सराव युरोपियनांच्या पथ्यावर पडावयास हवा होता : विरळ असलेला हात त्यांनी आपल्या जाळ्यात रोजचा करून घेतला होता. पण परिचय दोन्ही बाजूंनी वाढतो. इलाख्यातल्या उत्तम फलंदाजाचे पाय कधी हलतात आणि मन कधी अधीर होते, याचे शिक्षण या चार रुपयांच्या नोकराला त्याच जाळ्यात फुकट मिळाले. १९०६ साली मुंबईत हिंदूंच्या संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू होते.

हिंदूंच्या संघात त्यांना घ्यावे की नाही, यावर पुण्यात आधी वाद झाला होता. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू इतर खेळाडू हाताने झेलत आणि परत देत. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यात चहा मिळे. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. मुंबईस आल्यावर ते परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघाचे सामने बहुतांशी हरण्यातच गेले. बाळूंनी मात्र सर्व सामने मिळून ११४ बळी मिळवले, आणि तेही बळीमागे एकोणीस धावांच्या आत. लेस्टरशरविरुद्ध जिंकलेल्या सामन्यात त्यांचे ११ बळी होते. इंग्लंडच्या फलंदाजांना डावखुरी फिरकी नवीन नव्हती. त्यांच्याकडे त्या प्रकारचे थोर गोलंदाज होते. म्हणून या ११४ बळींचे श्रेय नुसत्या विरळतेला देता येत नाही, ते कौशल्याला द्यावे लागते. अपरिचय दार उघडतो, आत टिकून राहण्याचे काम दुसऱ्याच गुणाचे.

‘डावलणे’ या क्रियापदाकडे आता परत यावे लागते. संघातील सर्वांत यशस्वी व सर्वांत अनुभवी खेळाडू असूनही हिंदूंचे कर्णधारपद बाळूंना रीतसर कधीच मिळाले नाही. १९२० साली कर्णधार म. द. पै आजारी पडले असता ते पद दि. ब. देवधरांकडे गेले, तेव्हा बाळूंचे बंधू शिवराम व विठ्ठल यांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. त्यानंतर बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले, आणि अंतिम सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेवढ्या वेळापुरते नेतृत्व त्यांच्याकडे आले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. देवधर श्रेष्ठ खेळाडू होते, यात वाद नाही. पण १९२० सालच्या निवडीत क्रीडागुणांचा निकष लावला गेला नव्हता, हे विठ्ठलांच्या तीन वर्षांनंतरच्या यशाने पुरेसे उघड केले. बाळू पुढे सार्वजनिक जीवनात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे, आणि १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहून पराभूत झाले. १९५५ साली त्यांचे निधन झाले.

डाव्या हाताच्या संथ गोलंदाजीची परंपरा महाराष्ट्रात त्यानंतरही अखंड राहिली. नाशिकचे बापू नाडकर्णी यांनी १९६४ च्या जानेवारीत मद्रास येथे इंग्लंडच्या फलंदाजांना ३२ षटकांत अवघ्या ५ धावा दिल्या. त्यांतील २७ षटके निर्धाव होती. बळी मात्र एकही नाही. मुंबईच्या पद्माकर शिवलकर यांची कथा सिद्धांताची दुसरी बाजू दाखवते. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी ५८९ बळी मिळवले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तामिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ अशी त्यांची कामगिरी होती. तरीही २०२५ साली निधन होईपर्यंत त्यांच्या नावावर एकही कसोटी सामना लागला नाही, कारण त्याच वर्षांत बिशनसिंग बेदी हे त्याच हाताचे, त्याच प्रकारचे गोलंदाज भारतीय संघात होते. फलंदाजांपुढे डावखुऱ्याला जे विरळपण उपयोगी पडते, ते निवड समितीच्या टेबलावर त्याच्याच विरुद्ध जाते. तेथे एक डावखुरा दुसऱ्याची जागा अडवतो. हरियाणाचे राजिंदर गोयल हे तिसरे डावखुरे फिरकी गोलंदाजही त्याच रांगेत, त्याच कारणाने, कसोटीच्या दाराबाहेर राहिले.