जानेवारीच्या गणनेत न दिसणारे पक्षी

जामनेर परिसरातले पक्षी फक्त जानेवारीत मोजून भागत नाही. आशियाई पाणपक्षी गणना १९८७पासून त्या महिन्यात होते, कारण स्थलांतरित बदके तेव्हा जलाशयांवर एकवटलेली असतात. पण वाघूर किंवा हतनूर धरणावरचे पक्षी तेवढ्याने कळत नाहीत. पावसाच्या तोंडावर येणारा चातक त्या यादीत सापडणारच नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरले की टिटवी उघड्यावर, आजूबाजूच्या खड्यांत मिसळून जाणारी अंडी घालते. जानेवारीत टिटवी दिसते, तिची वीण दिसत नाही.

अशी वर्षभराची मोजणी हौशी लोकांनी करायची म्हटली की तिच्यात चुका होणारच, असा आक्षेप असतो. होतात, मोठा थवा मोजताना तर हमखास. मात्र जागा, वेळ आणि पद्धत तीच ठेवली तर वर्षावर्षांतला चढउतार त्यातूनही कळतो. दुसरे म्हणणे असे की, आपल्याकडचे पक्षी आपल्याला ठाऊकच आहेत. इथे रानपिंगळा या घुबडाकडे पाहावे. १८८४नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती; १९१४ची गुजरातेतली म्हणून दिलेली नोंद बनावट निघाली आणि तिच्यामुळे शोध भलतीकडेच होत राहिला. अखेर नोव्हेंबर १९९७मध्ये तो शहाद्याजवळ, म्हणजे खानदेशातच, पुन्हा दिसला.