जुनी सेडान घेताना

घरात पाच माणसे आणि ईदला गावी नेण्याचे सामान, एवढ्यासाठी मध्यम सेडान सोयीची पडते. होंडा सिटीची डिकी ५०६ लिटरची, नव्या व्हर्नाची ५२८ लिटरची. २०२३ साली व्हर्ना, स्लाव्हिया आणि व्हर्टस या गाड्यांना ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले. मात्र व्हर्नाचे तारे त्या वर्षी आलेल्या नव्या मॉडेलचे आहेत, जुन्या मॉडेलला ते लावू नयेत.

नव्या गाडीसाठी व्याजाचे कर्ज काढावे लागत असेल, तर रोखीत बसणारी चांगली जुनी गाडी आपल्याला बरी. पण ती डोळसपणे पाहावी. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा आणि स्टेपनीचा खड्डा तपासावा. तिथे चिखल किंवा गंज दिसला, तर गाडी पुरात उभी राहिली असण्याची शंका घ्यावी. चेसिस नंबर आरसीशी जुळवावा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. हस्तांतरणाला फॉर्म २९ व ३० लागतात.

व्यवहारात दोघांनी खरे सांगितले आणि दोष उघड केले तर त्यात बरकत येते, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. आपली जुनी गाडी विकताना आपण तीच कसोटी स्वतःला लावायची. गिऱ्हाइकाने विचारले नाही, तरी अपघात झाला होता हे आपणच सांगायचे.