दावा, पुरावा आणि मधला दुवा
लिहिते वर्ग : लेखांक ६

उताऱ्यातला मुख्य विचार कसा हेरायचा, हे आपण मागच्या आठवड्यात पाहिले. तो विचार उत्तरात मांडला की पुढचा प्रश्न येतो : ‘हे कशावरून?’ सहावी ते आठवीच्या लेखनात सर्वांत जास्त मेहनत या प्रश्नावर घ्यायला हवी.

सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यातल्या मुलांना हा प्रश्न घरातूनच ओळखीचा असतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार त्या जमिनीवर दावा करता येतो. त्यासोबत किमान दोन पुरावे द्यावे लागतात, असे २००८ चे नियम सांगतात. सरकारी कागद, शेतातले जुने बांध, गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब, हे सारे पुराव्यात धरले जाते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या शेतकरी मोर्चात सुरगाण्याची माणसे मोठ्या संख्येने होती, आणि वनहक्क कायद्याची अंमलबजावणी ही त्या मोर्चाची एक मुख्य मागणी होती.

अशा दाव्याला वनखात्याच्या दंडाची जुनी पावती नुसती जोडून भागत नाही. पावतीवरचे नाव आजोबांचे आहे, साल २००५ च्या आधीचे आहे आणि जमीन तीच आहे, हे कोणीतरी उलगडून सांगावे लागते. उत्तर लिहितानाही याच तीन पायऱ्या असतात : दावा, पुरावा आणि दोहोंना जोडणारा दुवा.

समजा, वर्गात हा उतारा दिला आहे :

‘सुरगाण्याच्या डोंगरात पाऊस जोरदार पडतो. उतार तीव्र असल्याने पाणी थांबत नाही. नार, पार या नद्यांच्या वाटेने ते पश्चिमेकडे निघून जाते. उन्हाळ्यात अनेक पाड्यांवरच्या विहिरी आटतात आणि बायकांना डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणावे लागते.’

प्रश्न : भरपूर पाऊस पडूनही टंचाई का होते? उताऱ्याच्या आधारे लिहा.

एक मूल लिहील, ‘लोक पाणी वाया घालवतात.’ हे मत असू शकते, पण उताऱ्यात त्याला आधार नाही. दुसरे मूल सगळा उताराच उतरवून काढेल. त्यात पुरावा आहे, पण तो कशाचा, हे वाचणाऱ्यानेच शोधायचे. तिसरे मूल हंड्यांचे वाक्य उचलेल, कारण तेच मनाला भिडते. मात्र त्या वाक्यातून टंचाई आहे एवढेच कळते, ती का आहे हे कळत नाही. खरे वाक्य आणि उपयोगी पुरावा यांतला हा फरक मुलांशी सावकाश बोलावा.

आता हे उत्तर पाहा : ‘सुरगाण्यात टंचाई होते, कारण पडलेले पाणी टिकत नाही. उताऱ्यात म्हटले आहे, “उतार तीव्र असल्याने पाणी थांबत नाही.” म्हणजे बरेचसे पाणी जमिनीत मुरण्याआधीच वाहून जाते आणि विहिरींना उन्हाळाभर पुरेल एवढा साठा उरत नाही.’

यातले ‘म्हणजे’पासूनचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. दाव्याचे शब्द प्रश्नातून मिळतात, पुराव्याचे उताऱ्यातून. दुव्याचे शब्द मात्र मुलाला स्वतः शोधावे लागतात, म्हणून बहुतेक उत्तरे तिथेच अडतात. घरी कोकणा किंवा वारली बोलणाऱ्या मुलापुढे तर दुहेरी काम असते : विचार जुळवायचा आणि तो पुस्तकी मराठीत बसवायचा. ही दोन कामे वेगळी करावीत. ‘हे वाक्य का निवडलंस?’ असे विचारून मुलाला आधी आपल्या बोलीत उत्तर देऊ द्यावे आणि मग तेच मराठीत लिहायला सांगावे. जे मूल बोलीत नेमके कारण सांगते, त्याला विचार करता येतो. त्याची अडचण वाक्यरचनेची आहे आणि ती सरावाने सुटते. या दोन अडचणींत गल्लत झाली, की हुशार मुलावर कच्चेपणाचा शिक्का बसतो.

अवतरण लहान घ्यावे, शब्द जसेच्या तसे ठेवावेत आणि दावा पुराव्याच्या पुढे जाऊ देऊ नये. ‘अनेक पाड्यांवर’ असे लिहिले असेल, तर उत्तरात ‘सगळ्या पाड्यांवर’ येता कामा नये.

या आठवड्यात तपासलेल्या वहीत ‘बरोबर’ची खूण करण्याआधी एकदा ‘कशावरून?’ असे लिहून पाहा आणि मुलाला एका वाक्यात उत्तर द्यायला लावा. ज्यांच्या घरच्यांना आपल्याच जमिनीसाठी कागद गोळा करावे लागतात, त्या मुलांना आपले म्हणणे पुराव्यानिशी मांडता येणे ही परीक्षेपुरती गरज नाही.

पुढच्या आठवड्यात : दोन मजकूर एकमेकांशी जुळत नसतील तर? शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद आणि लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेली जेधे शकावली यांच्या आधारे ते पाहू.