आधी पुसणाऱ्याला विचारा

(पुण्यातल्या एका फरशी-ठेकेदाराचा दिवस)

सकाळी 7.30
पावसाळ्यात फरशीची कामं बंद असतात असं लोकांना वाटतं. खरं तर गणपतीच्या आत घर नीट व्हायला हवं म्हणून आषाढातच फोन वाजायला लागतात. आजचा पहिला फोन मिस्त्रींचा. "शेठ, कोथरूडला माल उतरलाय, पण दोन खोक्यांचा बॅच नंबर वेगळाय." लावू नका, बाजूला ठेवा, म्हटलं. एकाच डिझाइनची टाइल असली तरी बॅच बदलला की रंगात किंचित फरक पडतो. खोकं उघडून तो कळत नाही. खोली पूर्ण झाल्यावर खिडकीतून ऊन आलं की पट्टा उठून दिसतो, आणि तोवर माल घट्ट झालेला असतो.

सकाळी 9
कोथरूडचं काम. जुनी सोसायटी, खाली मोझॅक. फोडायची की त्यावरच नवी टाइल चिकटवायची, हा पहिला निर्णय. मिस्त्री हातोडीच्या दांड्याने एकेक मोझॅक वाजवत गेले. भरीव आवाज आला तिथे हात लावायचा नाही. पोकळ वाजल्या तेवढ्याच उपटायच्या. वरून चिकटवली तर मोडतोडीचा खर्च वाचतो, पण फरशी सुमारे अर्धा इंच वर येते. म्हणजे सगळ्या दारांना खालून रंधा मारायचा आणि बाथरूमचा उंबरा नव्याने बसवायचा. हे हिशेबात आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर शेवटी सुताराच्या बिलावरून वाद होतो.

सकाळी 11
दुकानात आजी, मुलगा, सून आणि नुकता चालायला लागलेला नातू. मुलाला आरशासारखी चकचकीत टाइल हवी, सुनेला लाकडी फ्लोअरिंग आणि आजींना चक्क कार्पेट. "लीड्सला लेकीकडे राहून आले. घरभर कार्पेट, अगदी जिन्यावरसुद्धा. पाय गार पडत नाहीत की घसरायची भीती नाही."

आजींचं खोटं नव्हतं. तिकडे वरच्या मजल्याची जमीन बहुतेक लाकडी फळ्यांची असते. कार्पेटने पावलांचा आवाज दबतो, थंडी अडते आणि हीटरमुळे घरातली हवा कोरडी राहते. आपल्याकडे खाली सिमेंटचा स्लॅब, आणि पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाणं रोजचं. कार्पेटमधल्या धुळीतले सूक्ष्म किडे हवेतूनच ओलावा घेतात. आर्द्रता 50 टक्क्यांवर राहिली की ते फोफावतात. भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेलं कार्पेट गच्चीवर उन्हात टाकता येत नाही. ऑफिसात ते चालतं, कारण तिथे एसी असतो आणि कार्पेट चौकोनी तुकड्यांचं असतं. चहा सांडला तर तेवढा तुकडा बदलायचा.

राहिला गार पायांचा मुद्दा. एकाच खोलीतली टाइल आणि लाकूड, दोन्ही सारखीच गार असतात. टाइल पायातली ऊब लवकर ओढते, म्हणून जास्त गार लागते. मे महिन्यात त्याचंच सुख वाटतं.

मग एक चकचकीत आणि एक मॅट टाइल जमिनीवर ठेवून दोन्हींवर पाणी शिंपडलं. आजींनी सुनेचा हात धरून आधी मॅटवर पाऊल टाकलं, मग चकचकीतवर. दुसऱ्या वेळी त्यांच्या पायाची बोटं आपोआप आवळली गेली. मुलाने चकचकीतचा कॅटलॉग स्वतःच मिटला.

दुपारी 2
मापं घ्यायला त्यांच्या घरी. बेडरूम 10 बाय 12, म्हणजे 120 चौरस फूट. दोन बाय दोनच्या खोक्यात चार टाइल, साधारण साडेपंधरा चौरस फूट. आठ खोकी पुरतील असं वाटतं, पण कापाकापी धरली की नऊ लागतात. उरलेल्या टाइल माळ्यावर ठेवायच्या. पाच वर्षांनी एखादी फुटली तर तोच बॅच बाजारात मिळत नाही.

मावशी केर काढत होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मी विचारलं. "दादा, पांढरीशुभ्र नका देऊ, केसन् केस दिसतो. आणि ती लाकडाची म्हणतात ना, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये आहे. फडकं पिळपिळून पुसायला लागतं. इथं पोरगं दिवसभर सांडतंय. मला बादलीभर पाणी लागतं." सून ऐकत होती. लाकडी फ्लोअरिंगचा निकाल तिथेच लागला.

दुपारी 4.30
पुन्हा कोथरूड. मिस्त्रींनी टाइल बसवून रबरी हातोड्याने ठोकली आणि मी ती उचलायला सांगितली. मागच्या बाजूला चिकटवायचा माल कोपऱ्यांपर्यंत सारखा पसरला होता. पूर्वी काही जण चार कोपऱ्यांत आणि मधे गोळे ठेवून टाइल बसवायचे. गोळ्यांच्या मधे पोकळी राहते, आणि खलबत्ता पडला की टाइल नेमकी तिथेच तडकते. गिऱ्हाईक कंपनीला शिव्या घालतं. दोष कामाचा असतो.

संध्याकाळी 6
सकाळी लॅमिनेटचा तुकडा पाण्याच्या मगात टाकून ठेवला होता. कडा फुगून वर आल्यात. आत लाकडाचे दाबलेले तंतू असतात, ते पाणी पितात. शेजारी एसपीसीचा तुकडा, दगडाची पूड आणि प्लास्टिकचा. तो जसाच्या तसा. लाकडाचा भास हवाच असेल तर हा पर्याय. दोन्ही तुकडे काउंटरवर ठेवले की भाषण करावं लागत नाही.

संध्याकाळी 7.30
आजींच्या घराचं कोटेशन. हॉलला आणि आजींच्या खोलीला मॅट विट्रीफाइड, रंग मातकट. सुनेच्या बेडरूमला एसपीसी. बाथरूमला एक बाय एकची खडबडीत टाइल. लहान टाइलला न्हाणीकडे ढाळ नीट देता येतो आणि सांधे जास्त असल्याने पायाला पकड मिळते. पकडीची श्रेणी आर 9 ते आर 13 अशी असते. आकडा जितका मोठा, तितकी पकड जास्त. ओल्या जागेसाठी मी आर 11 लिहिलं. आजींच्या पलंगाशी सोलापुरी सतरंजी, खाली रबराची जाळी, म्हणजे कड दुमडून पाय अडकायचा नाही. दर रविवारी झटकायची, ऊन पडलं की वाळत घालायची. कार्पेटची हौस तेवढ्यात भागते.

आपल्या हवेत कायमची जमीन कडकच हवी. मऊ जे काही असेल, ते उचलून धुता येईल असं असावं. आणि दुकानात याल तेव्हा घरात रोज फरशी पुसणाऱ्या माणसाला सोबत आणा. टाइल आवडली का, हे आधी त्याला विचारा.