काळजी घेणाऱ्या हातांनाही प्रशिक्षणाची गरज

दिव्यांग व्यक्तीला उठवणे, बसवणे, भरवणे, आंघोळ घालणे ही कामे बहुतेक घरांत आई, पत्नी किंवा बहीण वर्षानुवर्षे करीत असते. या कामाला मायेइतकेच ज्ञानही लागते, याची जाणीव मात्र अभावानेच आढळते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रातील होत्या.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार मोबदला घेऊन अथवा न घेता दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणारी कोणतीही व्यक्ती 'काळजीवाहक' ठरते. त्यात आईवडील व इतर कुटुंबीयांचाही समावेश आहे. काळजी व साहाय्य यांविषयी कुटुंबीयांसाठी आणि या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी प्रशिक्षण कार्यक्रम सुरू करण्याची जबाबदारी याच कायद्याच्या कलम ४७ ने शासनावर सोपवली आहे.

प्रशिक्षणात शिकवल्या जाणाऱ्या गोष्टी साध्या, पण मोलाच्या असतात. काखेत हात घालून ओढल्यास रुग्णाच्या खांद्याला इजा होऊ शकते आणि उचलणाऱ्याची कंबरही दुखावते. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस वेळोवेळी न बदलल्यास शय्याव्रण होतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला आडवे ठेवून भरवल्यास घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

व्यक्तिगत साहाय्यकाची भूमिका थोडी निराळी आहे. काय करायचे, केव्हा आणि कसे, हे ठरवण्याचा अधिकार दिव्यांग व्यक्तीचा असतो. साहाय्यक त्या निर्णयाला हातभार लावतो. त्यामुळे विचारल्याशिवाय स्पर्श न करणे आणि खासगीपण जपणे हेही त्याला शिकावे लागते.

१९९९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेला राष्ट्रीय न्यास स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी कार्य करतो. कुशल काळजीवाहक घडवण्यासाठी न्यासाने 'सहयोगी' ही योजना आखली. पालकांना प्रशिक्षण देण्याची तरतूदही तीत करण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेनेही विकासात्मक विलंब असलेल्या २ ते ९ वर्षे वयाच्या मुलांच्या पालकांसाठी प्रशिक्षण कार्यक्रम तयार केला असून, २०२२ मध्ये त्याची ऑनलाइन आवृत्ती विनामूल्य उपलब्ध करून दिली.

प्रशिक्षण विनामूल्य असणे येथे महत्त्वाचे ठरते. घरातील एक व्यक्ती काळजी घेण्यात गुंतली की कुटुंबाचे उत्पन्न घटते. अशा वेळी शुल्क भरून शिकणे बहुतेकांना परवडत नाही. शिवाय वर्गाला जायचे, तर तेवढा वेळ घरी कोण थांबणार, हा प्रश्न उरतोच. म्हणून प्रशिक्षणाची वेळ आणि ठिकाण कुटुंबाच्या सोयीचे असणेही तितकेच आवश्यक आहे.

'आमच्यामागे या मुलाचे कसे होणार?' ही चिंता असंख्य पालकांच्या मनात असते. पालकांइतकेच समजून घेणारे आणखी चार हात तयार झाले, तर ही चिंता काही अंशी हलकी होऊ शकेल.