कोशार्थ आणि व्यवहारार्थ : परभणी जिल्ह्यातील शेती-महसुलाचे शब्द

शब्दकोशात नोंदविलेला शब्दाचा अर्थ म्हणजे कोशार्थ आणि लोकांच्या किंवा शासनाच्या वापरात त्याला प्राप्त झालेला अर्थ म्हणजे व्यवहारार्थ. नित्य परिचयाच्या शब्दांचे अर्थ सहसा कोशात पाहिले जात नाहीत. ते ठाऊक आहेत असे गृहीत धरलेले असते. तथापि अशा शब्दांतच अर्थाचे तीन थर अनेकदा आढळतात : शब्दाच्या घटकांवरून वा मूळ भाषेवरून निघणारा व्युत्पत्त्यर्थ, लोकव्यवहारात स्थिरावलेला रूढार्थ आणि कायद्याने वा शासकीय नियमाने ठरविलेला पारिभाषिक अर्थ. मराठवाड्यातील परभणी जिल्ह्याच्या शेती व महसूल व्यवहारात हे तिन्ही थर स्पष्ट दिसतात. तिसऱ्या थरावर शेतकऱ्यांना मिळणारी मदत अवलंबून असल्याने त्यांचे महत्त्व केवळ भाषिक नाही.

हा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. संस्थानच्या कारभाराची भाषा आरंभी फार्सी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची जागा उर्दूने घेतली. त्यामुळे अरबी-फार्सी शब्द येथे दीर्घकाळ दप्तरात राहिले. पण ते उर्वरित महाराष्ट्रातही पूर्वीपासून रूढ होते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रचलेल्या राज्यव्यवहारकोशात अशा शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले, तरी जिल्हा, तालुका, मौजे हे शब्द टिकून राहिले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७), माधव जूलियन यांचा फार्शी-मराठी कोश (१९२५), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–३८) आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश (१९४६) ही या शब्दांच्या अभ्यासाची प्रमुख साधने होत.

मूळ अर्थ आणि रूढी : खरीप व रब्बी हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी पेरणीच्या हंगामांची नावे म्हणून येतात. मृगाच्या पावसावर सोयाबीन, कापूस, तूर पेरली की खरीप आणि पावसाळ्याच्या अखेरीस ज्वारी, हरभरा पेरला की रब्बी. अरबीत मात्र ‘खरीफ’ म्हणजे शरद ऋतू व ‘रबी’ म्हणजे वसंत ऋतू. ज्या ऋतूत पीक हाती येते त्याचे नाव हंगामाला मिळाले. महसूल सुगीनंतर घेतला जाई. त्यामुळे दप्तराची दृष्टी कापणीवर होती. शेतकऱ्याची दृष्टी पेरणीवर राहिली आणि शब्द दोघांचाही झाला.

महसूल, तहसील आणि हाशील हे तीन शब्द एकाच अरबी धातूपासून आलेले आहेत. ‘प्राप्त होणे’ हा त्या धातूचा अर्थ. त्यानुसार ‘महसूल’ म्हणजे मिळालेली वस्तू, उत्पन्न. शेतातून जे हाती आले ते मूळचे महसूल; त्यातील सरकारचा वाटा हा अर्थ मागाहून रूढ झाला. तहसील म्हणजे मिळविणे, गोळा करणे. आज त्या शब्दाने कचेरीचा बोध होतो. ‘भांडून काय हाशील?’ या बोलण्यातील हाशील मात्र मूळ अर्थाच्या जवळ राहिले आहे.

देशी शब्दांतही असे स्थित्यंतर दिसते. काळी आणि पांढरी ही विशेषणे गावगाड्यात नामे झाली : काळी म्हणजे पिकाची जमीन व पांढरी म्हणजे गावठाणाची जागा.

दुष्काळ या शब्दाचे अर्थ : ‘दुस्’ व ‘काल’ या संस्कृत घटकांनुसार दुष्काळ म्हणजे वाईट काळ. त्यात पावसाचा वा धान्याचा निर्देश नाही. दुर्भिक्ष म्हणजे भिक्षा मिळणे कठीण झाले आहे अशी स्थिती, अवर्षण म्हणजे पाऊस न पडणे आणि टंचाई म्हणजे एखाद्या वस्तूचा तुटवडा. अवर्षण हे कारण, टंचाई हा परिणाम आणि दुर्भिक्ष ही त्याची परमावधी, असा क्रम लावता येतो. दुष्काळ हा शब्द लोकव्यवहारात या सर्वांना व्यापतो. इंग्रजीत अवर्षणासाठी ‘ड्रॉट’ व उपासमारीसाठी ‘फॅमिन’ असे दोन शब्द असून मराठीत दोहोंसाठी दुष्काळ हाच शब्द वापरला जातो.

१९६३ मध्ये महाराष्ट्रात लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ ही संज्ञा काढून टाकणारा अधिनियम संमत झाला. टंचाईची लक्षणे दिसताच शासन मदतीचे उपाय योजते, म्हणून फॅमिनची परिस्थिती उद्‌भवण्यास वाव उरलेला नाही, अशी त्यामागील भूमिका होती. त्यानंतर टंचाई हा शासकीय लेखनातील प्रमुख शब्द ठरला. १९७२-७३ मध्ये मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात पीक बुडाले व लक्षावधी लोक मदतकामांवर आले. दप्तरात ती टंचाई होती. लोकांच्या आठवणीत तो ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणूनच राहिला.

गावाची स्थिती ठरविण्याचे माप आणेवारी हे होते. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक. १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यावर पुढे शंभर पैशांचे माप धरून पैसेवारी हा शब्द प्रचारात आला. बोलण्यात आणेवारी अद्याप टिकून आहे. निवडक शेतांतील पीककापणीवरून ती काढतात आणि ५० पैशांपेक्षा कमी पैसेवारीचे गाव टंचाईग्रस्त मानले जाई. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर पर्जन्यमान, पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा इ. निर्देशांकांना प्राधान्य मिळाले.

कोणता शब्द लावावयाचा, हा प्रश्न न्यायालयातही गेला. २०१५-१६ च्या अवर्षणात शासकीय निर्णयात ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ असा शब्दप्रयोग होता. मुंबई उच्च न्यायालयातील सुनावणीनंतर मे २०१६ मध्ये त्याऐवजी ‘दुष्काळ’ असे वाचावे, असे शासनाने ठरविले. राज्यातील सुमारे २९ हजार गावांचा हा प्रश्न होता. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, परीक्षा शुल्काची माफी, टँकरने पाणीपुरवठा यांसारख्या उपाययोजना अशा घोषणेशी निगडित असतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टी व पुरांनी परभणीसह मराठवाड्यातील उभी पिके नष्ट झाली, तेव्हा ‘ओला दुष्काळ’ जाहीर करण्याची मागणी झाली. अशी संज्ञा नियमावलीत नाही, परंतु दुष्काळाच्या वेळच्या सवलती लागू करण्यात येतील, अशी भूमिका शासनाने घेतली. ‘ओला दुष्काळ’ हा शब्दप्रयोग वरवर विसंगत वाटतो; पण व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. पीक पावसावाचून जळो वा पुरात कुजो, शेतकऱ्याचा काळ वाईटच असतो. कोश मदतीचा निकष ठरवीत नाही; परंतु नियमातील अर्थ लोकांच्या अर्थापासून किती दूर गेला आहे, हे त्यावरून कळते.