नाकातले मांस : नुसती तोडणी पुरत नाही



या पानावर एरवी बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, सरीतील अंतर असेच विषय येतात. या वेळी नाकाविषयी लिहितो आहे याचे काहींना नवल वाटेल. कारण असे घडले. मागच्या हंगामात ऊसनोंदीसाठी एका सभासदांच्या वावरात गेलो होतो. शेजारी गुऱ्हाळ चालू होते आणि कढईत गूळ लागला होता. करपल्याचा वास पार धुऱ्यापर्यंत येत होता. मी म्हटले, "काका, गूळ लागला वाटते." ते म्हणाले, "सायेब, मले दोन वर्सापासून कशाचाच वास येत नाई."

बोलताना ते तोंडाने श्वास घेत होते. रात्री झोप नाही, घोरणे फार, घशात सारखा चिकटा उतरतो. पाच वर्षांपूर्वी नाकातले मांस काढून घेतले होते. वर्ष-दीड वर्ष बरे गेले, मग पुन्हा तेच. "आपरेशन फसलं," हा त्यांचा निकाल. आणि हाच माणूस कपाशीवर स्वतः फवारणी करतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. वास येतो म्हणून कोणी सुरक्षित होत नाही, हातमोजे व तोंडावरचे फडके लागतेच. पण पंप गळतो आहे हे पुष्कळदा आधी नाकालाच कळते.

मी डॉक्टर नाही. पुढचे सारे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारून व वाचून लिहिले आहे.

नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालाच्या व कपाळाच्या हाडांत पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. नाकाचे आणि या पोकळ्यांचे आतले अस्तर महिनोन् महिने सुजलेले राहिले की त्यात पाणी धरते, ते लोंबू लागते आणि सोललेल्या द्राक्षासारखे फिकट, चकचकीत घड तयार होतात. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात, आपण म्हणतो मांस वाढले. हा कॅन्सर नव्हे. 'नाकाचे हाड वाढले' म्हणतात ते बहुधा मधला पडदा वाकडा असणे, तो प्रकार निराळा. आणि आरशासमोर बॅटरी लावून नाकपुडीत लाल उंचवटा दिसला म्हणून घाबरू नये. तो प्रत्येकाला असतो.

रोग जुना आहे. सुश्रुताने 'नासार्श' या नावाने त्याची नोंद केली आहे. ग्रीसच्या हिपोक्रेटिसच्या ग्रंथांत तर स्पंजाचा तुकडा दोऱ्याला बांधून नाकातून घशाकडे ओढून काढण्याची रीत दिली आहे. वाचूनच अंगावर काटा येतो. पुढे तारेचा फास घालून घड ओढून काढू लागले.

आता खरी गोष्ट. ऊस जमिनीलगत तोडला तरी खोडवा फुटतो, कारण मूळ खाली जिवंत असते. याला आपण तोडणी फसली म्हणत नाही. पॉलिपचेही तसेच आहे. घड काढले तरी सुजणारे अस्तर तिथेच राहते. म्हणून ऑपरेशन झाले तरी औषध संपत नाही. काकांनी पहिल्या ऑपरेशननंतर नाकाचा फवारा महिनाभर मारला आणि नाक मोकळे झाले म्हणून सोडून दिला.

हा फवारा म्हणजे स्टेरॉइडचा स्प्रे. याचा गुण दोन दिवसांत येत नाही, काही आठवडे रोज घ्यावा लागतो. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने मारावा, म्हणजे धार मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जाते. पडद्यावर बसली तर रक्त येते. त्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुवावे. पाव लिटर पाण्याला अर्धा लहान चमचा मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी उकळून कोमट केलेलेच हवे, विहिरीचे किंवा नळाचे कच्चे पाणी नाकात घालू नये. दुकानात मिळणारे नाक मोकळे करणारे थेंब निराळे. ते आठवड्याच्या वर घेतले तर नाक उलट जास्त चोंदते व थेंबांची सवय लागते.

सूज फार असली तर डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. गुण झटकन येतो, वासही परततो, आणि इथेच माणूस चुकतो. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा त्याच गोळ्या आणतो. साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

औषधाने भागले नाही तर ऑपरेशन. ऑस्ट्रियातील ग्राझ गावच्या मेसरक्लिंगर या डॉक्टरांच्या अभ्यासातून दुर्बिणीची पद्धत पुढे आली व १९८० नंतर जगभर पसरली. आधी सीटी स्कॅन करतात, कारण डोळा व मेंदू अगदी लागून आहेत. बाहेरून चिरा नाही. घड काढून पोकळ्यांची तोंडे मोकळी करतात, त्यामुळे नंतर धुण्याचे पाणी व औषध आतपर्यंत पोचते. २०१९ पासून अमेरिकेत यावर इंजेक्शनलाही मान्यता आहे, पण ते दर दोन आठवड्यांनी घ्यायचे आणि खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा.

दोन गोष्टी मात्र जरूर लक्षात ठेवाव्या. पॉलिप आणि दमा दोन्ही असलेल्या काही माणसांना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या अंगदुखीच्या गोळ्यांनी तासा-दोन तासांत दम्याचा जबर झटका येतो, जीवही जाऊ शकतो. तोडणीच्या दिवसांत किराणा दुकानातून अशा गोळ्या सर्रास घेतल्या जातात, म्हणून सांगतो. दुसरे, मांस एकाच नाकपुडीत असेल किंवा रक्त येत असेल तर थांबू नये. ते साधे पॉलिप नसू शकते. भंडारा-चंद्रपूरकडे तळ्यात आंघोळ करणाऱ्यांना नाकात लाल, रक्ताळ गाठ येते, तो रोग निराळा व उपायही निराळा.

काकांना अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवले. डॉक्टरांनी आधी तीन महिने फवारा नीट घ्या, ऑपरेशनचे नंतर पाहू, असे सांगितले. वास अजून पुरता आलेला नाही. परवा कांद्याच्या फोडणीचा आला म्हणाले.

ऑपरेशन ठरल्यास महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत ते बसते का, हे दवाखान्यातील आरोग्यमित्राला आधी विचारावे. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत न्यावे. नंतर साधारण दोन आठवडे वाकून काम, ओझे उचलणे, नाक जोराने शिंकरणे बंद. ही तारीख तुमच्या तोडणीवर येत असेल तर गट ऑफिसला आधी कळवा, कार्यक्रम मागेपुढे करता येतो का ते पाहू.